अर्ध्या पुस्तकाची शिफारस

धाकटीला वाचता येत नाही, असं तिच्या वर्गातली मुलं म्हणत, शिक्षक जरा सभ्य शब्दांत म्हणत, आणि आई आजूबाजूला कोणी नाही असं पाहून म्हणे. ते तितकंसं खरं नव्हतं. धाकटीला वाचता येई. फक्त एक ओळ संपली की तिची नजर खालच्या ओळीवर उतरायच्या ऐवजी पुन्हा त्याच ओळीच्या तोंडाशी जाऊन उभी राही, नाहीतर दोन ओळी गाळून तिसरीवर उडी मारी. मग गोष्टीतला माणूस आत्ता जेवायला बसला होता तो एकदम होडीतच दिसे. त्यात जोडाक्षर आलं की घोडं पेंड खाई ते निराळंच. एवढ्या कटकटीतून तिचं एक पान पार पडेपर्यंत बाकीच्यांचं प्रकरण उरकलेलं असे. वय चौदा, उंची घरात सगळ्यांत जास्त, आणि राग कायम नाकावर.

घरात तिघी. आई कपडे दुरुस्त करून देई. विजारी आखूड करणं, बाह्या बदलणं, चेन बसवणं असली सगळी कामं बाहेरच्या खोलीत, खिडकीखालच्या मशीनवर चालत. थोरली सोळा वर्षांची, आणि तिचं वाचन म्हणजे नुसता वणवा. जेवताना वाचे, दात घासताना वाचे, जिन्यावरून उतरताना वाचे आणि दोनदा पडलीही होती, तरी सुधारली नव्हती. त्यामुळे शाळेत काय, वाचनालयात काय, धाकटीला कोणी धाकटी म्हणून ओळखतच नसे. "अगं, तू थोरलीची बहीण ना? मग तू असं कसं?" हे वाक्य तिनं इतक्यांदा ऐकलं होतं, की समोरच्यानं "मग" म्हटलं की ती पाठ फिरवून चालू लागे.

वाचनालयाच्या मागच्या अंगाला किशोरांसाठी एक लांबट खोली होती. तिथल्या प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर एक रंगीत पट्टी चिकटवलेली असे. हिरवी म्हणजे सोपं, पिवळी म्हणजे मध्यम, लाल म्हणजे मोठ्यांचं. आता ही युक्ती ज्यानं काढली त्याला कधी हिरव्या कपाटापाशी जावं लागलं नसणार. ते कपाट गुडघ्याएवढं होतं, कारण मुळात ते सहा-सात वर्षांच्या पोरांसाठी होतं. धाकटीनं तिथं उकिडवं बसायचं, बदकांची आणि ढगांची पुस्तकं चाळायची, आणि शेजारी कोणीतरी शेंबडं पोर तिची वेणी ओढून विचारणार, "तुला पण हेच वाचायचंय?" तिथं बसलेलं वर्गातल्या कोणी पाहू नये म्हणून ती खोलीत शिरली की थेट मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसे आणि काहीच घेत नसे.

तरीही ती येई. येण्याचं कारण एकच होतं, महिन्याच्या शेवटच्या शनिवारची 'शिफारस'. त्या दिवशी मुलांनी एकेक करून पुढं यायचं, आपल्याला आवडलेलं पुस्तक हातात धरायचं आणि बाकीच्यांना ते का वाचावं ते सांगायचं. मग ते पुस्तक पुढचा महिनाभर दाराजवळच्या गोल टेबलावर उभं राही. कोणी ते उचलून घरी नेलं की सांगणाऱ्याची छाती फुगे, आणि परत आणताना "भारी होतं हं" म्हटलं तर विचारायलाच नको. थोरली दर दोन-तीन महिन्यांनी उभी राही. धाकटी कट्ट्यावरून ऐके आणि मनातल्या मनात म्हणे, हे काय सांगणं झालं? नुसती गोष्ट ओकून टाकली. कुठं थांबायचं ते कळायला नको? आपल्याला एकदा तिथं उभं राहायचंय, असं तिला फार तीव्रतेनं वाटे. पण शिफारशीला नियम होता, की पुस्तक पूर्ण वाचलेलंच हवं. तो नियम पाळला जातो की नाही हे पाहायला वाचनालयाचे कार्यवाह स्वतः पहिल्या रांगेत बसत. मुलं त्यांना नियमकाका म्हणत. ते त्यांनाही माहीत होतं आणि बहुधा आवडतही होतं.

किशोर विभागाच्या ग्रंथपालबाई तशा चांगल्या. कोणी पुस्तक मागायला आलं, की "काय वाचलंयस?" असं त्या विचारत नसत. "कुणाशी भांडलास इतक्यात?" असं विचारत, आणि त्यावरून पुस्तक काढून देत. एकदा त्यांनी धाकटीला दुरुस्तीच्या टेबलाजवळ रेंगाळताना पाहिलं. तिथं फाटकी पुस्तकं, खळ, आरी, दोरा, पुस्तकं दाबायचा शिकंजा असा पसारा असे, कारण बांधणी बाई स्वतःच करत. धाकटी एका काळ्या मुखपृष्ठाकडे टक लावून पाहत होती. त्यावर काळं पाणी होतं, पाण्यात खाली खाली गेलेला एक दोर होता आणि वरच्या कोपऱ्यात तो दोर घट्ट धरलेले दोन हात. खाली काय आहे ते काही दाखवलेलं नव्हतं.

"बुडालेल्या जहाजांची गोष्ट आहे," बाई म्हणाल्या. "आवडेल तुला."

धाकटीनं पाठ पाहिली. लाल पट्टी. "मला नाही जमणार."

"शिवण सुटलीय त्याची. तेवढी बांधणी करते आणि देते. मग बघ जमतंय का."

बाईंनी शब्द पाळला. दोन आठवड्यांनी ते पुस्तक धाकटीच्या हातात पडलं, आणि काय आश्चर्य, जमलं की! अक्षरं चांगली ठसठशीत होती, ओळींमध्ये ऐसपैस जागा होती, कागद जाड होता. समुद्राच्या तळाशी गेलेल्या जहाजांतलं सामान वर काढणारी एक होडी, होडीवर एक मुलगी आणि एक म्हातारा कप्तान. दोघं मिळून एका जहाजाची पितळी घंटा शोधतात, खूप खटपटींनंतर ती सापडते आणि बंदरावर सगळे टाळ्या वाजवतात. धाकटी आठवडाभर शाळेतून आली की जिन्यात बसून वाचे. शेवटचं पान संपलं तेव्हा तिला आधी खरंच वाटेना. मग आकाश ठेंगणं झालं. लाल पट्टीचं पुस्तक! ती तशीच वाचनालयात गेली आणि फळ्यावर येत्या शनिवारच्या शिफारशीत स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं लिहून आली. बाई ते पाहून गोड हसल्या, पण हसता हसता त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. धाकटीला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

संध्याकाळी तिनं पुस्तक थोरलीच्या पुढ्यात आपटलं.

"वाचलं. आख्खं."

"हे?" थोरलीनं पहिल्यांदाच हातातलं पुस्तक खाली ठेवलं. ती मनापासून खूश झाली होती, हे सांगायला हवं. "अगं, हे माझं किती आवडतं! आणि भावाच्या वेळी रडलीस ना? मी तर उशी भिजवली होती."

"कुणाचा भाऊ?"

"कुणाचा काय? तिचा! त्या मुलीचा."

"तिला भाऊबिऊ कुणी नाहीये. ती आणि कप्तान, दोघंच आहेत."

थोरलीचा चेहरा पडला. तिनं आवाज अगदी हळू केला, आजारी माणसाशी बोलताना करतात तसा. "हे बघ, नसेल वाचलंस तर नसेल. मला खोटं कशाला सांगतेस?"

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. "उघड! उघड ना ते! दाखव मला कुठाय भाऊ!"

थोरलीनं उघडलं. चार पानं पाहिली, मग मधलं पाहिलं, मग शेवट. मशीनवर आईचा पाय चालू होता, त्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"हे ते पुस्तक नाहीये," ती म्हणाली. "वरचं कव्हर त्याचं आहे. आतलं कुणीतरी नवीन लिहून, छापून बसवलंय. सोपं करून. आणि खरी गोष्ट अशी नाहीच्चे मुळी, त्यात तिचा भाऊ पाणबुड्या असतो आणि तो खाली..."

"थांब!" धाकटीनं दोन्ही कानांवर हात दाबले. "पुढं एक शब्द बोललीस तर बघ. मला सांगायचं नाही. कुणीच काही सांगायचं नाही मला."

आईनं मशीन थांबवलं. काय झालं ते तिनं दोघींकडून ऐकून घेतलं, दोघी एकदम बोलत होत्या तरी. मग ती हातातली विजार उलटी करून दाखवत म्हणाली, "आखूड करायचं तर करावं, पण जादाचं कापड आत मुडपून ठेवतात गं. कापून टाकायचं नसतं. पोरं वाढतात." आणि पुन्हा कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्या सुटल्या धाकटी वाचनालयात जाऊन उभी राहिली. बाई दुरुस्तीच्या टेबलापाशी एकट्याच होत्या. तिनं पुस्तक त्यांच्यासमोर ठेवलं.

"हे कुणी केलं?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि नाकारायचा प्रयत्न केला नाही. "मी."

"का?"

"तू त्या मुखपृष्ठाकडे कशी बघत होतीस ते पाहिलं मी. वाटलं, हिला एकदा तरी एखादं पुस्तक संपवल्याचं सुख मिळावं. रोज घरी बसून लिहून काढलं गं. चार वेळा लिहिलं. चांगल्या मनानं केलं."

"डोळ्यांत धूळ फेकलीत माझ्या."

"तू वाचलंस ते खरंच वाचलंस ना? ते काही खोटं नव्हतं."

"मी वाचलं ते तुमचं पुस्तक. जहाजाचं नाही. मी घरी जाऊन टिमकी वाजवली आणि तोंडावर आपटले." धाकटीचा आवाज कापायला लागला, पण तिनं तो कापू दिला आणि बोलत राहिली. "छोटं केलंत, सोपे शब्द घातलेत, ते मी समजू शकते. पण तिचा भाऊ का काढून टाकलात?"

बाईंनी टेबलावरचा दोरा उगाच बोटाला गुंडाळला. "ते फार वाईट आहे. मला वाटलं, तुला जड जाईल."

"अक्षरं जड जातात मला, बाई! माणसं जातात ती कळतात." ती आता ओरडत होती आणि तिला त्याची फिकीर नव्हती. "आमचे बाबा दवाखान्यात होते तेव्हा ताईची परीक्षा होती आणि आई मशीनवर. तिथं कोण बसायचं? मी बसायचे. डॉक्टर काय म्हणाले ते घरी येऊन मीच सांगायचे. शेवटचंही मीच सांगितलं. आणि तुम्ही मला टाळ्या आणि घंटा देता?"

बाई खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पाहून धाकटीला जराही वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं.

"खरं कुठाय?"

बाईंनी टेबलाच्या खणातून पानांचा एक गठ्ठा काढला. पुठ्ठा नाही, पाठ नाही, कडेला दोरे लोंबताहेत असं ते उघडंवाघडं पुस्तक होतं. अक्षरं मुंगीएवढी. जाडी पाहून धाकटी एक पाऊल मागं सरली.

"दुसरी प्रत नाहीये का, मोठ्या अक्षरांची?"

"एवढी एकच आहे. आता मिळतही नाही कुठं."

"मग याला त्याचं कव्हर द्या. माझ्यासमोर द्या. आणि तुमचं ते आतलं काढा."

बाईंनी सुरी घेतली. आपण बांधलेल्या पानांवर ती ठेवली आणि क्षणभर तशीच धरून राहिल्या. चार वेळा लिहिलेलं होतं, दुखणारच. मग त्यांनी पाठीलगत एक सरळ चीर दिली. काळ्या पुठ्ठ्यातून ती जाड पानं सुटून टेबलावर पडली. खऱ्या पानांना खळ लावून, पुठ्ठा चढवून पुस्तक शिकंज्यात आवळून झालं तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्या सुकेल. ने." आणि जरा थांबून म्हणाल्या, "शनिवारचं नाव पुसू का फळ्यावरचं? तोवर हे संपणार नाही, आणि नियमकाका..."

"पुसायचं नाही. काकांचं मी बघते."

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते धाकटीलाच ठाऊक. खोक्याचा एक पुठ्ठा घेऊन तिनं आईच्या कात्रीनं त्यात बरोब्बर एका ओळीएवढी खिडकी कापली. ती खिडकी पानावर ठेवायची, एक ओळ वाचायची, खाली सरकवायची. असं केलं की वरच्या-खालच्या ओळी दिसतच नाहीत, मग नजर पळून पळून जाणार कुठं? तरी एकेका पानाला घाम फुटे. डोकं ठणके. मधेच ती पुस्तक भिंतीवर फेकायला हात उचली, आणि ते एकुलतं एक आहे हे आठवून उशी फेकी. थोरली दारातून म्हणे, "मी वाचून दाखवू? नुसतं एक प्रकरण?" आणि धाकटी म्हणे, "जा इथून." पण ती आत शिरली होती एव्हाना. भाऊ पाण्याखाली उतरतो आणि वर होडीत दोराचं टोक धरून बहीण बसते, हे तिला कळलं होतं. तो कुठल्या पानावर हसतो, बहिणीला काय नावानं चिडवतो, सगळं माहीत झालं होतं. आणि थोरलीच्या भिजलेल्या उशीमुळे, त्याचं काहीतरी वाईट होणार हेही. शनिवार उजाडला तेव्हा ती चौथ्या प्रकरणाच्या मध्यावर होती आणि पुस्तकाचा मोठा हिस्सा पुढंच होता.

शनिवारी खोली भरली होती. नियमकाका पहिल्या रांगेत, मनगटावरचं घड्याळ बाहीतून बाहेर काढून बसले होते. आधी एका मुलानं क्रिकेटचं पुस्तक सांगितलं, मग थोरलीच्या वर्गातल्या एका मुलीनं भुताचं. नंतर बाईंनी धाकटीला बोलावलं. ती पुढं गेली तशी खोलीत कुजबुज सुरू झाली. मागून कोणीतरी "बदकाचं असेल" म्हणालं आणि दोघं-तिघं फिदीफिदी हसले.

धाकटीनं काळं पुस्तक छातीशी धरलं. "हे पुस्तक मी पूर्ण वाचलेलं नाही," ती म्हणाली.

"मग खाली बस, बाळ," नियमकाका म्हणाले. ते रागानं म्हणाले नाहीत, हीच तर अडचण होती. "पूर्ण झालं की पुढच्या वेळी सांग. नियम आहे तो."

"नियम कशासाठी आहे?"

काकांना असं कोणी विचारलं नव्हतं. "न वाचता कोणी उगाच थापा मारू नयेत म्हणून."

"मी थापा मारत नाहीये. जेवढं वाचलंय तेवढंच सांगणार आहे."

"पण वाचलंयस हे कशावरून?" काका म्हणाले, आणि हा मार्ग त्यांना एकदम न्यायाचा वाटला असावा. "असं कर, एक पान वाचून दाखव. मग आम्हाला काही म्हणायचं नाही."

मोठ्यानं वाचायचं म्हटल्यावर वर्गात धाकटीचं काय होतं ते तिथल्या निम्म्या मुलांनी पाहिलं होतं. थोरलीनं खाली मान घातली. बाई ताडकन उठल्या. "नाही हं. इथं कुणालाही तसं वाचायला लावत नाही आपण. हिलाच का?"

"बाई, बसा तुम्ही," धाकटी म्हणाली. "मी वाचते."

तिनं खुर्ची ओढली, पुस्तक मांडीवर उघडलं, आणि खिशातून खिडकीचा पुठ्ठा काढून सगळ्यांना दिसेल असा पानावर ठेवला. भीती वाटत होती, भयंकर वाटत होती. आणि तिला त्या भीतीचाही राग आला.

"दो... राला. दोराला एक झटका. म्हणजे ठीक."

पुठ्ठा खाली सरकला.

"दोन झटके म्हणजे. वर ओढ."

मागच्या रांगेतला भुवया उडवणारा एक मुलगा, जो आठवड्याला दोन पुस्तकं फस्त करी, म्हणाला, "पुढच्या शनिवारपर्यंत होईल ना?"

धाकटीनं मान वर केली. "होईल. तू ये."

लोक हसले, पण आता त्याला हसले. ती पुन्हा ओळीवर आली, आणि ओळ हरवली होती. पुठ्ठा वर गेला, खाली आला. एका जोडाक्षराशी ती अडली. एकदा तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. थोरलीला राहवलं नाही, तिनं तिसऱ्या रांगेतून तो शब्द हलकेच पुरवला.

"ताई, गप. मी वाचतेय."

आणि तिनं तो शब्द स्वतः फोडला, अर्धा अर्धा करून, आणि मग अख्खी ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. कारण तिला ती ओळ तशी तुकड्यांत द्यायची नव्हती.

"तीन झटक्यांचा अर्थ. त्यांनी कधी ठरवलाच नव्हता."

पुठ्ठा सरकला.

"आणि तीन झटके आले."

पहिल्या रांगेत नियमकाकांनी घड्याळावरचा हात काढला. इतक्या हळू कोणी वाचून दाखवलेलं त्या खोलीत कोणी ऐकलं नव्हतं. एकेक शब्द सुटा येत होता, आणि पुढचा येईपर्यंत सगळ्यांना त्याच शब्दात उभं राहावं लागत होतं. वारा सुटला. होडी कलली. कप्तान ओरडला, की दोर खाली कशात तरी अडकलाय आणि तो होडीला बुडवणार, काप तो. मुलीनं दोर मनगटाला गुंडाळून घेतला. कप्तान पुन्हा ओरडला. खालून पुन्हा तीन झटके आले. हिरव्या कपाटापाशी बसलेली चिमुरडी पोरंही मान उंच करून पाहत होती. धाकटीच्या कपाळावरून घाम ओघळून पानावर पडला, तो तिनं बाहीनं टिपला आणि खिडकी आणखी एक ओळ खाली सरकवली.

"तिनं... सुरी. उचलली."

धाकटीनं पुठ्ठा तिथंच ठेवला आणि पुस्तक मिटलं.

मग भुवयावाला मुलगाच म्हणाला, "मग?"

"मग काय?"

"मग कापते का ती दोर?"

"मला माहीत नाही," धाकटी म्हणाली. "मी इथवरच आलेय. म्हणून तर म्हटलं, पूर्ण वाचलेलं नाही." ती उभी राहिली. "माझी शिफारस एवढीच, की हे वाचा. सोपं नाहीये. मला एक पान वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तुमची दहा होतात, आणि माझं डोकं दुखतं. तरी मी हे सोडणार नाही, कारण तो मुलगा खाली आहे."

कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि त्या लगेच गोंगाटात बुडाल्या, कारण अर्धी खोली उठून थोरलीकडे वळली होती. तू वाचलंयस ना, सांग की, काय होतं, कापते का? थोरलीनं हातांची घडी घातली. जिला वाचलेलं कधी पोटात ठेवता आलं नव्हतं ती म्हणाली, "मला आठवत नाही. तिला विचारा." धाकटीनं ते ऐकलं आणि बहिणीबद्दल तिला इतकं प्रेम दाटून आलं, की तिनं घाईनं दुसरीकडे पाहिलं.

नियमकाकांनी घसा खाकरला. "तर, शिफारस झाली असं धरू. आता ते पुस्तक पद्धतीप्रमाणे गोल टेबलावर ठेव."

"नाही ठेवणार."

"अगं, शिफारस केलेलं पुस्तक..."

"पुस्तक वाचकाकडे आहे, काका," बाई टेबलामागून म्हणाल्या. त्यांनी धाकटीकडून पुस्तक मागून घेतलं, शेवटच्या पानावर नव्या तारखेचा शिक्का दाणकन मारला आणि तिला परत दिलं. "वाचून झाल्याशिवाय टेबलावर येत नसतं. बाकी ज्यांना हवंय त्यांनी हिच्यामागे नंबर लावावा."

आणि नंबर लागला. क्रिकेटवाला, भूतवाली, त्यांच्या मागे आणखी पाच-सहा जण. भुवयावाला मुलगा रांग मोडून सगळ्यांत पुढं आला. "माझं ऐक, आज मला दे. मी रात्रीत संपवतो आणि उद्या सकाळी तुझ्या घरी आणून देतो. शप्पथ."

"नाही."

"मग कधी देशील?"

"संपलं की."

त्यानं तिच्या हातातल्या पुस्तकाची जाडी पाहिली, पुठ्ठ्याची खिडकी कुठवर आलीय ते पाहिलं, आणि त्याचा चेहरा रडवेला झाला. "अगं पण तू किती हळू वाचतेस!"

"हो," धाकटी म्हणाली. "थांबा मग."